गाडी पास झाली

बेसा, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

श्री. चंपतराव यांस,
मनोहररावांचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेला तांदूळ पोचला. पहिल्या दिवशी शिजत होता तेव्हा शेजारीण वास घेत घेत आली आणि वाटीभर घेऊनच गेली. सुभद्रेने उरलेला डबा आता पलंगाखाली ठेवला आहे.

तुमचे कान गेले आणि फोन आपल्या बायकांच्या हाती गेला, हे एका परीने बरंच झालं. त्या निमित्ताने दोन व्याही एकमेकांना पत्रं लिहितात. मोठ्याने बोलायला जड जाणाऱ्या गोष्टी कागदावर उतरतात. आज अशीच एक सांगतो.

आपल्या पांढऱ्या गाडीला पंधरा वर्षं झाली. आता आरटीओत नेऊन पुन्हा पास करून घ्यावी लागते, आणि त्याआधी धुराची तपासणी. काल वैभवीला ऑफिसला सोडता सोडता वाटेत पंपावर थांबलो. तिथल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "काका, हे गाडी नोहे, डास मारायची मशीन होय! कॉर्पोरेशनले देऊन टाका!" रांग खदखदून हसली. वैभवी मागच्या सीटवर होती. तिने पटकन मोबाइलमध्ये डोकं घातलं, मला दिसू नये म्हणून. ते तिचं न पाहणंच मला जास्त लागलं. सदरला तिचं ऑफिस येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

अश्विन म्हणतो, "बाबा, भंगारात द्या आता. वैभवी बसनं जाईन, नाही तर कॅबनं." त्याचं काय जातं म्हणायला! तो उजाडता मोटरसायकलवर वाडीच्या गोदामात जातो, दिवे लागल्यावर येतो. शाळेतून रिटायर झाल्यापासून मला एकच काम उरलं आहे, सुनेला गाडीतून सदरला सोडायचं. ती मागे, मी पुढे. लग्नानंतर पहिल्या दिवशी ती पुढचं दार उघडायला लागली तेव्हा मीच म्हटलं होतं, "मागं बस बेटा, कॉलनीतले लोक पाहून राहिले." सासऱ्याच्या शेजारी सून बसलेली आपल्यात बरी दिसत नाही. पण मनोहर मास्तरची सून गाडीतून ऑफिसला जाते, हे मात्र कॉलनीने रोज पाहावं असं मला वाटतं. गाडी गेली तर सकाळच्या चहानंतर मी करायचं काय?

म्हणून ठरवलं आहे की गाडी घरीच, माझ्या हाताने दुरुस्त करायची. आयुष्यभर नववी-दहावीला ज्वलन आणि धूर शिकवला, तो काय फळ्यापुरताच?

तुमचा,
मनोहर

———

वडसा
१८ नोव्हेंबर २०२४

मनोहरराव,
स. न. वि. वि.

पत्र वाचून एवढा हसलो की जयवंता पदराला हात पुसत बाहेर आली. तिला वाचून दाखवलं. ती हसली नाही. कानाशी तोंड आणून म्हणाली, "दुरुस्ती ते करून राहिले? घरी?"

तिचा प्रश्न रास्त आहे. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या कूलरचा पंप दुरुस्त केलात. तेव्हापासून कूलर हवा देतो, आवाज देतो, पाणी तेवढं देत नाही. तुमचा मान राखायचा म्हणून मी अजून मिस्त्री बोलावलेला नाही आणि सगळा उन्हाळा उघडा झोपलो.

हसण्यावारी नेऊ नका. मी टपालात नोकरी केली. पत्र फाटलं तर चिकटवायचं, पत्ता पुसला तर शोधायचा, पण दुसऱ्याचं पाकीट स्वतः उघडायचं नाही, एवढं एक शिकलो. ज्याचं काम त्याला द्यावं. तरी तुमचा हात शिवशिवत असेल तर करा. पाने तुमचे, नट तुमचे. आत बसते ती पोरगी माझी, एवढं ध्यानात ठेवा.

जयवंता रोज देवापुढे एकच मागणं मागते, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाकार्यात गेलं की बायका तिला बाजूला घेऊन विचारतात, "वैभवीकडं काही?" ती "देव देईन तवा" म्हणते आणि जेवण टाकून घरी येते. मी बहिरा, मला कोणी विचारत नाही. तेवढा एक फायदा.

तुमचा,
चंपत

———

बेसा
२ डिसेंबर २०२४

चंपतराव,

गाडी पास झाली! आधी धुरात, मग आरटीओत. सुभद्रेने टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि मी गाडीला हार घातला.

कूलरची गोष्ट मनावर घेतली आहे, त्याचं नंतर बघू. आधी हे ऐका. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं घर. त्यात माझाच हरवलेला मोजा कातरून अंथरलेला. प्लग कोळशासारखे झाले होते, ते पॉलिशपेपरने घासले. आतला मळ सुभद्रेच्या जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला. तो ब्रश जुना नव्हता असं ती म्हणते. जुनं ऑइल काढताना तुळशीच्या ओट्यावर सांडलं, त्यावर तर ती काहीच बोलली नाही, म्हणजे समजा. एवढं करून दुसऱ्या पंपावर नेली. तिथेही नापास. थोडक्यात, पण नापास.

घरी येऊन डोकं धरून बसलो. ताट वाढून घेताना अश्विनच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मुलाच्या त्या हसण्याने झोप उडते हो. सकाळी उठून गाडीखाली शिरलो आणि शेवटची एक बारीकशी युक्ती केली. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही, भेटल्यावर सांगीन. आहे मात्र विज्ञानाचीच. मग मुद्दाम त्या पहिल्याच पंपावर गेलो. तोच पोरगा. स्क्रीनकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "काका, काय जादू केली जी?" मी म्हटलं, "दहावीचं पुस्तक वाच."

गाडीचा आवाज जरा वाढला आहे. अश्विन म्हणतो, फाटल्यासारखा येतो. इंजिन मोकळं झालं की त्याचा गळाही मोकळा होणारच. आजपासून वैभवी पुन्हा मागच्या सीटवर. कोपऱ्यावरच्या देशमुखांना मी हॉर्न देऊन नमस्कार केला.

तुमचा,
मनोहर

———

वडसा
१४ डिसेंबर २०२४

मनोहरराव,

गाडीचं अभिनंदन. आता गाडी बाजूला ठेवा आणि मी काय लिहितो ते बसून वाचा.

वैभवी जयवंतेला फोनवर सांगत होती की सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत डोकं गरगरतं, मळमळतं, परवा तर जिन्याशीच उलटी झाली. दुपारी कुठे डबा खाववतो. जयवंतेने लगेच विचारलं. पोरगी म्हणाली, "नाही वं माय, तसं काही नाही." जयवंता म्हणते, पहिल्या वेळी सगळ्याच पोरी असं म्हणतात, मीही म्हटलं होतं.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. खरं असेल का हो? सुभद्राताईंच्या नजरेला काही आलं आहे का? आमची पोरगी लाजाळू, सांगायची नाही. तुम्ही सांगा. जयवंतेने देवीची ओटी भरलीसुद्धा. मी तिला म्हटलं, थांब जरा. मग मीच बाजारातून पेढे आणले.

उलट टपाली कळवा.

चंपत

———

बेसा
१९ डिसेंबर २०२४

चंपतराव,

सुभद्रेच्या नजरेला तुमच्या आधीच आलं होतं. ती म्हणते, तीन महिने होईपर्यंत कोणापुढे उच्चार नको, डॉक्टरकडेही घाई नको, दृष्ट लागते. म्हणून मी गप्प होतो. पण तुम्हीच विचारलंत, आता माझ्याने राहवत नाही.

होय, सगळी लक्षणं आहेत. सकाळी घरून निघते तेव्हा ठीक असते. अर्ध्या वाटेवर रंग उतरतो. वासाचा तर फारच त्रास. "बाबा, मागं धुराचा वास येते" असं दोनदा म्हणाली. घरी येऊन सुभद्रेला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अश्विनच्या वेळी मले फोडणीचा वास सहन नव्हता होत, तुम्ही विसरले वाटते?" विचारलं की वैभवी अजूनही नाहीच म्हणते. सुभद्रा तिच्या गालाला हात लावून म्हणते, "बरं बाई, नाही तर नाही," आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावते.

तुम्ही काळजी करू नका. मी गाडी इतकी हळू चालवतो की सायकलवाले मागून घंटी मारतात. थंडी कडाक्याची पडली आहे. मागच्या डाव्या काचेचं हँडल तुटलंय, ती बंदच असते. उजवी काच तिने उघडली की मी वर करायला लावतो. माझी पुढची काच तेवढी जरा उघडी असते, सवयीने कोपर बाहेर. काल ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा, उघडी बरी वाटते." मी ऐकलं नाही. माझी शाल काढून तिला दिली. नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "आता तुझं एकटीचं थोडीच आहे?" आणि गाडी बाजूला घेऊन शाल तिच्या खांद्यावर टाकली तेव्हाच पुढे निघालो.

सुभद्रेने पिवळी लोकर आणली आहे. पिवळी का, तर मुलगा असो की मुलगी, चालते.

तुमचा,
मनोहर

———

वडसा
२६ डिसेंबर २०२४

आजोबा मनोहरराव यांस,
आजोबा चंपतरावांचा नमस्कार!

कोणाला सांगू नका म्हणालात आणि ते आमच्या घरी पाळणं शक्य नाही, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. जयवंतेने फक्त देवकीला, म्हणजे माझ्या बहिणीला, सांगितलं. देवकीला सांगितलं की वडशाला सांगितलं. काल न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत.

वैभवीचा पाळणा मी माळ्यावरून उतरवला. साखळ्यांना गंज होता, तो राखेने घासून काढला. एक पाय हलत होता, तो मात्र सुताराकडून बसवून घेतला. कूलरचा धडा! डिंकाचे लाडू वेगळ्या पार्सलने येतील, ते तुमच्या पोटात जाणार नाहीत याची सुभद्राताईंनी काळजी घ्यावी.

एक गंमत सांगतो. जयवंता म्हणते, रविवारी फोन केला की पोरगी ठणठणीत असते. मळमळ नाही, डोकेदुखी नाही, हसते-बोलते. नाताळच्या सुट्टीलाही तसंच. सोमवारी सकाळी पुन्हा सुरू. मी म्हटलं, मास्तरचं नातवंड आहे, शाळेच्या सुट्ट्या पाळतं!

तुमचा,
चंपत

———

वडसा
१८ जानेवारी २०२५

मनोहरराव,

माझ्या पत्राला उत्तर नाही. संक्रांतीचंही पत्र नाही. वैभवी फोनवर नुसती रडते आणि ठेवून देते, असं जयवंता म्हणते. सुभद्राताई फोनच घेत नाहीत. जयवंतेने पाळण्यावर चादर टाकली आहे. 

पोरीचं काही वाईट झालं असेल तर लिहा. मी बाप आहे. ऐकू येत नाही, वाचता येतं.

चंपत

———

बेसा
२२ जानेवारी २०२५

चंपतराव,

वैभवीची तब्येत चांगली आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही जीव मुठीत न धरता वाचाल. पोट पडलं वगैरे काही नाही. पडायला काही नव्हतंच. ती पहिल्यापासून खरं सांगत होती.

तुमचं २६ तारखेचं पत्र मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होतो. नातवंड सुट्ट्या पाळतं, यावर सुभद्रा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. आणि हसता हसता पत्र खाली ठेवलं. रविवारी काय नसतं? रविवारी ऑफिस नसतं. आणि ऑफिस नसतं म्हणजे गाडी नसते.

मी उठून गाडीकडे गेलो. मागच्या सीटपुढची रबरी चटई उचलली. तिच्याखाली पत्रा गंजून भोक पडलं होतं, त्यातून खालची फरशी दिसत होती. चटईची खालची बाजू काजळीने काळी. तिचे पाय रोज जिथे असतात, बरोबर तिथे.

आता ती युक्ती सांगतो. गाडीखाली सायलेन्सरच्या पाइपाला एक जोड असतो. तो मी ढिला केला होता. त्यातून बाहेरची हवा आत शिरते, धुरात मिसळते आणि मशीनला वाटतं धूर साफ आहे. मशीनला फसवलं आणि वर त्या पोराला दहावीचं पुस्तक वाच म्हणून ऐकवून आलो. पास झाल्यावर जोड घट्ट करणार होतो, देवाशपथ. पण गंजलेला बोल्ट पान्यात तुटला. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर गुंडाळला, तारेने बांधला आणि वेल्डिंगवाल्याकडे गेलो नाही. तो विचारेल, हे कोणी केलं? अश्विनला कळेल. तेवढ्यासाठी नाही गेलो. तेवढ्याचसाठी.

त्या दिवशी इंजिन चालू करून, काचा लावून, मी तिच्या जागेवर बसून पाहिलं. कानशिलं ठणकायला लागली, तोंडाला पाणी सुटलं. दार उघडून बाहेर पडलो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो, हे मी किती पोरांकडून घोकून घेतलं आहे. निदान धुराला तरी वास होता. तिने तो दोनदा सांगितला. मी काच वर करायला लावली. माझ्या नाकाशी उघडी खिडकी होती, मला काय कळणार? तुमच्या पोरीला मी रोज विष देत होतो, आणि वर शाल पांघरत होतो. रस्ता थोडा लांब असता तर मी आज तुम्हाला काय लिहीत असतो, हा विचार मनात आला की मला बसवत नाही.

पण चंपतराव, माझी खरी लाज यापुढे आहे.

मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घरात येऊन म्हटलं, गाडीची बॅटरी बसली. वैभवी बसने जायला लागली. चार-आठ दिवसांत तिची मळमळ गेली, डोकं गरगरणं थांबलं, चेहऱ्यावर रंग आला. ती बरी होत होती आणि सुभद्रेचा धीर सुटत होता. लक्षणं अशी अचानक बंद होणं तिला भलतंच वाटलं. ती वैभवीला ओढत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितलं, काही नाही आणि नव्हतंही. मळमळ कशाची, तर पित्ताची असेल. खरं कारण त्यांना कोण सांगणार? ते एकट्या मला ठाऊक होतं आणि मी घरी दाणे सोलत बसलो होतो.

परत आल्यावर सुभद्रा देवापुढे बसली ती उठेना. मी पुढच्या खोलीत चहा घेत होतो. मधलं दार उघडं होतं. वैभवी स्वयंपाकघरातून आली, वाकून सुभद्रेच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "आई, माफ करा. माझ्यामुळं तुमची आशा लागली."

सुभद्रा म्हणाली, "तुझ्या हातात काय आहे वं?" पण तिने पाय मागे घेतले. वैभवी तशीच वाकून राहिली.

उठून दोन पावलं टाकायची होती मला. मी चहा संपवला. चंपतराव, मी तो चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

त्यानंतर घर मुकं झालं आहे. सुभद्रा सुनेशी कामापुरतं बोलते. लोकर कोणाला तरी देऊन टाकली. अश्विन दोघींच्या मधे पाहुण्यासारखा वावरतो. आणि ती पोरगी, जिचा काडीचा दोष नाही, ती घरात मान खाली घालून फिरते. माझी लाज तिच्या मानेवर ठेवली आहे मी. सकाळी निघताना अजून मला विचारते, "बाबा, तुम्हाले बसस्टॉपकडून काही आणायचं आहे का?"

तिला समोर बसवून हे सांगायची छाती होत नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही बाप आहात. तिला घेऊन जातो म्हणालात तर अडवणार नाही. माझ्या तोंडावर थुंकायला आलात तर दार उघडतो.

मनोहर

———

वडसा
२७ जानेवारी २०२५

मनोहरराव,

तुमचं पत्र मिळालं. वाचून मी शेताकडे गेलो आणि अंधार पडेपर्यंत बांधावर बसलो. जयवंतेला अजून दाखवलेलं नाही.

थुंकायला मी येणार नाही. एसटीने निघालो असतो तर वाटेत राग गेला असता म्हणून नाही. त्याने तुम्हाला सोपं गेलं असतं म्हणून. तुम्ही माझ्या पायावर डोकं ठेवलं असतं, मी उठवलं असतं, दोन म्हातारे रडले असते आणि पोरगी आत चहा करत राहिली असती.

मला कशाला लिहिलंत? मागच्या सीटवर मी बसलो होतो का?

माझाही दोष आहे, तो तुमच्या पदरात टाकत नाही. पोरगी आईला नाही म्हणाली, तुम्हाला नाही म्हणाली, सुभद्राताईंना नाही म्हणाली. आम्ही त्याला लाज म्हटलं आणि पेढे वाटले. आता गावात मान खाली घालून मीही फिरतो आहे. पण माझे कान गेले आहेत, मनोहरराव. तुमचे शाबूत होते.

तिला सांगा. सुभद्राताई आणि अश्विन यांच्यासमोर सांगा. चटई काढून दाखवा. यापुढे तुमच्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी ते न उघडता परत करीन, ती रीत मला चांगली माहीत आहे. वैभवीच्या अक्षरातलं आलं तर उघडीन.

चंपत

———

बेसा
७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
वैभवीचा नमस्कार.

शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. ऑफिसातली नंदिनी म्हणाली, आता पाकिटं मिळतात तरी का? मिळतात. पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, कुरिअर नाही ना?

बाबांनी सांगितलं. गेल्या रविवारी आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात ते ती रबरी चटई घेऊन आत आले आणि पानांच्या मधे उलटी करून ठेवली. आई ओरडल्या, "अहो, जेवणाच्या जागी काय आणून राहिले?" मग त्यांनी सगळं सांगितलं. युक्ती, बोल्ट, पत्रा. चहाचंही सांगितलं. बसले नाहीत, वर्गात उभे राहतात तसे उभे राहून सांगितलं. अश्विन त्यांच्यावर एवढा ओरडला की शेजारचे बाहेर आले.  मग आई माझ्याजवळ सरकल्या, माझे पाय धरायला लागल्या, मी धरू दिले नाहीत. नंतर आम्ही दोघी खूप रडलो. लोकर देऊन टाकली म्हणून त्या जास्त रडल्या.

बाबा मला म्हणाले, "बेटा, तू काही तरी बोल." मी तशीच ताटावरून उठून गेले. आबा, खरं सांगू? मला फार राग आला होता, अजून आहे. धुराचा मला एवढा राग नाही, तो अज्ञानातच झाला. पण मी पाया पडत होते आणि ते पुढच्या खोलीत चहा पीत होते. मला स्वतःचीच लाज वाटत होती इतके दिवस. बसमध्ये, ऑफिसात, आईंसमोर. मी घरी पट्टीवर तपासून बघितलं होतं, मायला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली, त्या पट्टीचं काय खरं असते? शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, एवढे सगळे म्हणतात तर मीच चुकत असेन.

डॉक्टरांना खरं कारण सांगून पुन्हा तपासून घेतलं. सगळं चांगलं आहे. मायला हे आधी सांग.

काल बाबांनी गाडीचं काय करू विचारलं. मी म्हटलं, भंगारात द्या, पण आधी त्या पंपावर चला. गुंडाळलेला पत्रा काढला, भोकाला लाकडी फळी ठोकली, सगळ्या काचा खाली केल्या. आईंचा मफलर मी आणि अश्विनची टोपी त्यांनी घातली. मी पुढचं दार उघडून बसले. त्यांनी एकदा कॉलनीकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. कोपऱ्यावर देशमुख उभे होते. बाबांनी हॉर्न दिला नाही.

पंपावर रांग होती. बाबांनी त्या पोराला सगळ्यांदेखत सांगितलं, "मागच्या वेळी मी तुले फसवलं. जोड ढिला केला होता. ही माझी सून, हिले त्याचाच त्रास झाला. गाडी आता भंगारातच चालली, पण ते सर्टिफिकेट रद्द कर." बाबांचा आवाज चिरकत होता. या वेळी कोणी हसलं नाही. पोरगा म्हणाला, "जाऊ द्या काका, गाडी तर विकूनच राहिले न?" बाबा म्हणाले, "नाही, कर." तिथून तसेच वाडीपलीकडच्या भंगारवाल्याकडे गेलो. येताना बस बदलून आलो. 

मायला सांग, पाळणा पुन्हा माळ्यावर टाकू नको, उगाच गंजेल. त्यात लसूण ठेव. काही असलं तर मी स्वतः सांगीन, आणि नाही म्हटलं तर नाही. देवकीआत्याला तू सांग काय सांगायचं ते, मी कोणाची माफी मागणार नाही. आणि कूलरला मिस्त्री बोलाव, बाबांनीच लिहायला सांगितलं आहे.

मी बसनेच जाते. बाबा रोज सकाळी स्टॉपपर्यंत माझ्यासोबत चालत येतात. नको म्हटलेलं नाही, या म्हटलेलंही नाही. आज बरीच थंडी होती आणि बस यायला उशीर झाला. त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं.

 त्यांनी शालीची घडी केली, काखेत धरली आणि बस येते का ते बघत राहिले.

तुझी,
वैभवी